ती ढेरी नव्हती

गेल्या मे महिन्यात माझ्या आत्याच्या लॅब्रॅडॉरवर अन्याय झाला. वय जेमतेम वर्षाचं, गुन्हा एकच: पोट मोठं.

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगने खटला लिफ्टपाशीच निकालात काढला. "रोज बोंबील चारता, मग ढेरी सुटणारच ना!" शेजारच्या काकू म्हणाल्या. नेहमीच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनीही वजन केलं, छातीला क्षणभर नळी लावली आणि सांगितलं, खाणं कमी, चालणं जास्त. झालं! जन्मभर मासे खाल्लेली आत्या कुत्र्याला उकडलेला दुधी घालू लागली, लिफ्ट सोडून जिन्याने नेऊ लागली. तो मधेच फतकल मारायचा. "ऊठ रे आळश्या," ती ओरडायची.

मला मात्र एक कळेना. पाठीचे मणके वर आले होते आणि पोट तेवढं वाढतच होतं. लठ्ठ होणारा प्राणी वरून वाळतो कसा?

एका दुपारी तो पंख्याखाली झोपला होता. मी सहज त्याच्या डाव्या कोपरामागे हात ठेवला. आत हृदय सुसाट. ठोके मोजायला गेले तर मोजताच येईनात. बाहेर कुत्रा गाढ, आत शर्यत! मी तशीच बसून राहिले. अचानक, बटण बंद केल्यासारखं, सगळं सावकाश झालं. धप्प. धप्प.

"आत्या, हा आळशी नाहीये गं. दमलाय हा."

"निजान कोण दमता गो?"

झोपून कोण दमतं, हाच प्रश्न घेऊन आम्ही प्राण्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ठोके नोंदवणारं यंत्र दिवसभरासाठी छातीवर बांधलं, त्यावर माझा जुना टी-शर्ट. मग उत्तर मिळालं. काही पिल्लांच्या हृदयात जन्मापासून विजेची एक जादा वाट असते. ठोक्याचा इशारा त्या वाटेने मागे फिरतो, गोल गोल धावतो आणि हृदयाला पळवतो. पळून पळून ते थकतं, पोटात पाणी साठतं. चरबी नव्हतीच ती. आणि आम्ही त्याला जिने चढवत होतो.

आता गोळ्या चालू आहेत. पोट उतरलंय, पण हृदय किती सावरेल हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. बोंबील परत आलेत, बिनमिठाचे. काकू लिफ्टमध्ये सरकून जागा देतात. माफी कुणी मागितलेली नाही.

तुमच्या घरात कुत्रं असेल तर आजच, ते झोपलेलं असताना, त्याच्या डाव्या कोपरामागे तळवा ठेवा. आत पळापळ लागली, तर ईसीजी काढून घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.