जिवंत नवऱ्याची विधवा

मॅडमचा अंगठा मायच्या कपाळावर टेकला आणि हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या.

माईक माझ्याच हातात होता. लातूरला ज्या मुलींच्या वसतिगृहात मी राहते, तिथला संक्रांतीचा कार्यक्रम. विधवांचं हळदीकुंकू. सूत्रसंचालन माझ्याकडे दिलं होतं. वसतिगृह चालवणाऱ्या महिला मंडळाच्या अध्यक्षा, त्यांना आम्ही मॅडम म्हणतो. त्या सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "आज या विधवा मातेला कुंकू लावून आपण एक भिंत पाडली. हाच खरा स्त्रीवाद."

माझी माय विधवा नाही.

माझा बा गेटबाहेर लिंबाखाली बसला होता. कार्यक्रम बायकांचा, म्हणून वॉचमनने त्याला आत सोडलं नव्हतं. दोघं सकाळच्या एसटीने मुखेडहून मला भेटायला आले होते. मॅडमच म्हणाल्या होत्या, आईला नक्की बोलव, त्यांचा सत्कार आहे. कशाचा, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, मुलीला शिकवलं म्हणून असेल. घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली ना मी.

माय तिचं चांगलं लुगडं नेसून आली होती. पांढरं. आम्ही बौद्ध. विहारात जाताना ती तेच नेसते. कुंकू आमच्या घरात पणजीपासून बंद आहे. धर्म बदलला तेव्हा पणजीने कुंकवाचा करंडा आडात टाकला, असं घरात सांगतात. मायच्या गळ्यात काळी पोत होती, पण पदराखाली.

पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. माझ्या प्रवेशाच्या वेळीही माय तशीच आली होती. मॅडमना तेवढं पुरलं. त्यांनी कुणालाच विचारलं नाही.

माय एक पाऊल मागे सरकली. मॅडमना वाटलं, बाई लाजली. "घाबरू नका ताई, आता समाज काही म्हणत नाही," असं म्हणून त्यांनी मायची हनुवटी धरली. लहान लेकराची धरतात तशी. मी पुढे झाले. हळूच म्हणाले, "मॅडम, माझे वडील आहेत."

त्यांनी ऐकलं. मला नीट आठवतं, त्यांनी ऐकलं. माझ्या हातातल्या माईकवर हात ठेवला आणि हसरा चेहरा न मोडता म्हणाल्या, "आता गप्प बस. फोटो चाललेत."

मग लावलं.

चूक कुणाचीही होते. पण कळल्यावरही पुढं रेटली, ती चूक नाही. तिला काय म्हणायचं ते मला त्या वेळी सुचलं नाही. मी पुढचं नाव वाचलं.

बाहेर आलो तर बा उठून उभा राहिला. मायच्या कपाळाकडे बघून म्हणाला, "ह्ये काय गं?"

"तुमी मेलाव," माय म्हणाली. "म्हणून लावलं. लई टाळ्या पडल्या."

बा हसला. मग हसता हसता थांबला. मायने पदराने कपाळ पुसलं. रंग गेला नाही, पसरला. वाण म्हणून मिळालेला प्लास्टिकचा डबा तिने माझ्या हातात दिला. "तुलाच ठिव. मला नगं." मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ऑफिसात बोलावलं. वाटलं, माफी मागतील. त्या म्हणाल्या, "तुमच्यात कुंकू लावत नाहीत, हे मला कसं कळणार? जाऊ दे. भावना महत्त्वाची." पुढच्या आठवड्यात पुण्याहून पाहुण्या येणार होत्या, वसतिगृहाला मदत करणाऱ्या. त्यांच्यापुढे मी बोलायचं. विधवा आईची मुलगी म्हणून. "आता फोटो गेलेत सगळीकडे. उगाच गोंधळ नको. आणि शेवटी आपण बाया म्हणून सगळ्या एकच, नाही का?"

मी "हो मॅडम" म्हणाले. इथली कॉट गेली तर बाहेर खोली घेणं आम्हाला जमत नाही. मग मुखेड. मग सोयाबीनची कापणी, आणि मामाने आणलेलं एखादं स्थळ.

रूममेट निलंग्याची. तिला सांगितलं तर म्हणाली, "त्या म्हणतात तसं बोलून टाक की. फेमिनिझम म्हणजे आपल्या मनासारखं जगता येणं. त्यासाठी आधी इथं टिकायला तर पायजे." तिचं खोटं नव्हतं. वर्गात सरांनी स्त्रीवाद पाच मार्कांसाठी लिहून दिला होता. व्याख्या मला पाठ आहे. त्यात यावर काही नव्हतं.

घरी फोन केला. बा म्हणाला, "त्ये बायांचं असंच असतंय. तू कशाला त्यात पडून राहिलीस? बोल. तुझ्या बोलण्यानं मी काय मरत न्हाई." मग माय फोनवर आली. "गप ऱ्हा अन् पेपर दे," म्हणाली. मग म्हणाली, "पर माझं नाव घिऊ नगं."

तेवढंच. माझं नाव घेऊ नको. जी बाई सरपंचाच्या दारात उभी राहून रेशनसाठी भांडली, ती आता आपलं नाव लपवायला सांगत होती. कुठल्या गुन्ह्यासाठी?

पाहुण्या आल्या. खुर्च्या मांडल्या होत्या. मॅडमनी माझी ओळख करून दिली, "हिने वडिलांचं छत्र हरपल्यावरही..."

मी उभी राहिले.

"माझे वडील आहेत," मी म्हणाले. "माझी माय विधवा नाही. मॅडमना मी तेव्हाच सांगितलं होतं. आणि ती विधवा असती, तरी कुंकू मागायला इथे आली नसती. आमच्या घरातल्या बायांनी ते स्वतःहून टाकलंय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक पाहुणी चष्मा पुसत राहिली. मॅडम म्हणाल्या, "मुलगी जरा भावनिक आहे," आणि चहा मागवला.

संध्याकाळी ऑफिसातून निरोप आला. शिस्तीचं कारण. महिनाअखेर कॉट रिकामी कर. रूममेट माझ्याशी कमी बोलते आता. तिलाही इथंच राहायचंय. घरी अजून सांगितलेलं नाही. जायला दुसरी जागा नाही, आणि इथे हॉलमधून चालताना भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात.

मॅडमच्या स्त्रीवादात माझ्या मायला कपाळ होतं, तोंड नव्हतं. तेवढ्यासाठी तो शब्द मी त्यांना देऊन टाकणार नाही. तो मलाही लागतो. त्याचा सगळा अर्थ मला अजून सांगता येत नाही. पण बाईवर काही करण्याआधी तिला विचारावं, आणि ती नको म्हणाली तर हात मागे घ्यावा, एवढ्यापासून मी सुरुवात करणार.

आज ऑफिसात जाऊन मी सांगून आले. मी आपण होऊन जाणार नाही. मला काढायचं असेल तर सगळ्या मुलींना हॉलमध्ये बसवा, माईक घ्या, आणि कशासाठी काढताय ते मोठ्यानं सांगा. खोटं सांगितलंत तर मी तिथंच उभी असेन.