बाईंच्या हाताची घडी

शास्त्राच्या बाईंच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं होतं. त्या आठवीत असताना गणिताच्या मास्तरांनी लाकडी पट्टी उभी धरून हाणली होती. बाई फळ्यापाशी उभ्या होत्या, उत्तर येत होतं, फक्त सुचायला वेळ लागत होता. मास्तरांना तेवढा धीर नव्हता. हाड मोडल्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला, तरी त्यांनी ठरलेले उरलेले चार फटके पूर्ण केले. शिस्तीचे मोठे पक्के होते ना!

पुढे बाई स्वतः हायस्कुलात शिकवू लागल्या तेव्हा त्यांनी दोन गोष्टी मनाशी ठरवल्या. कुणावर हात उचलायचा नाही, आणि ज्याला जे येतं ते त्याच्या पद्धतीने दाखवू द्यायचं. लिहिणं जमतं त्याने पेपर लिहावा, ज्याला जमत नाही त्याने करून दाखवावं. एका बहिऱ्या मुलाने सायकलच्या पंपावर फुप्फुस समजावून दिलं होतं. एका बडबड्या मुलीने पचनसंस्था अशी रंगवून सांगितली की मधल्या सुट्टीत निम्म्या वर्गाने डबे उघडले नाहीत. प्रत्येकाला दहा मिनिटं. तेवढ्या वेळात बाईंनी चकार शब्द काढायचा नाही, मदतीला हात लावायचा नाही. 'हाताची घडी, तोंडावर बोट' हा हुकूम सगळ्या शाळा मुलांना सोडतात. बाईंनी तो स्वतःला सोडला होता. आठ वर्षं त्या परीक्षेला भिंतीला टेकून तशाच उभ्या राहत, वाकडं बोट ओठांवर. स्टाफरूममध्ये टिंगल व्हायची. बाईंना मात्र त्या घडीचा अभिमान होता, जरा जास्तच होता.

दहावीत एक मुलगी होती. तिला सगळे मुकी म्हणत. ती मुकी मुळीच नव्हती. वाचायला घेतलं की अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागा बदलत, आणि चार लोकांत ती तोंड उघडत नसे, एवढंच. शास्त्रात दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा झाली तर नाव कमी करू, असं हेडसरांनी घरी लेखी कळवलं होतं. बापाचं मटणाचं दुकान होतं. प्रत्येक निकालानंतर मुलगी भर उन्हात स्वेटर घालून यायची. एकदा कानामागे टाके घालून आली. विचारलं तर म्हणाली, "पडले."

बाई तडक दुकानात गेल्या आणि त्याला चार शब्द सुनावले. त्याने हातातला सुरा ओंडक्यात रुतवला. "शिकली नाही तर इथं उभी राहील, माझ्या जागी," तो म्हणाला. बाईंना त्यातली धमकी तेवढी ऐकू आली. भीती ऐकू आली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला विचारलं, "तुला काय चांगलं येतं गं?"

ती म्हणाली, "कापता येतं. बाबा नसले की मी दुकानात कापते."

"मग परीक्षेला बकऱ्याचं हृदय घेऊन ये."

"बाबांना कळलं तर?"

"पास झालेली पोर कुणाला नको असते?" बाई म्हणाल्या. इथेच त्यांचं चुकलं.

परीक्षेच्या दिवशी मुलीने ट्रेमध्ये हृदय ठेवलं आणि सुरी अशी फिरवली की हेडसरही पुढे सरकून बघू लागले. आणि ती बोलत होती! हातात सुरी असली की तिची जीभ मोकळी व्हायची. ही डावी बाजू, हिची भिंत जाड, कारण हिला अंगभर रक्त ढकलायचं असतं. सहा मिनिटं झाली होती.

तेवढ्यात दार भिंतीवर आपटलं. बाप आत आला. दुकानातून हृदय कुठे गेलं ते त्याने धाकट्या लेकीकडून काढून घेतलं होतं. "शाळेनं सुरी दिली हातात?" म्हणत त्याने मुलीच्या तोंडात भडकावली. ती टेबलाच्या कडेवर आदळली. केसांना धरून त्याने तिला उभं केलं आणि दुसरी लगावली. नाकातून रक्ताची धार लागली. हेडसर शिपायाला बोलवायला धावले. बाई भिंतीपाशी उभ्या होत्या. हाताची घडी, तोंडावर बोट. आठ वर्षांची सवय हो, अंगात मुरलेली. तिसऱ्या फटक्याला मुलीचा ओठ फाटला, आणि तिने बाईंकडे पाहिलं.

तेव्हा कुठे घडी सुटली. बाईंनी स्टीलचा ट्रे उचलला आणि बापाच्या तोंडावर हाणला. पुन्हा हाणला. भुवई फुटली, तो गुडघ्यांवर आला, तरी त्या हाणतच होत्या. हेडसर आणि शिपायाने मिळून त्यांना मागे ओढलं.

बाप बाकावर बसला. डोळ्यात रक्त उतरत होतं, ते त्याने पुसलंही नाही. "हा वास मी जन्मभर धुतोय," तो म्हणाला. "हिच्या हाताला लागू नये म्हणून शाळेत घातली. तुम्ही तेच दिलंत तिला."

मुलीने जमिनीवरचं हृदय उचललं, बादलीत धुतलं आणि टेबलावर ठेवलं. "चार मिनिटं राहिलीत," ती म्हणाली. तिने महारोहिणीत, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीत, वरून पाणी ओतलं. ते तिथेच तुंबलं. "झडप मिटली," तिने सांगितलं. "आता हे माघारी जात नाही." बाप मान खाली न घालता बघत राहिला.

मुलगी पास झाली. बाईंना महिनाभर घरी बसवलं, ते योग्यच झालं असं त्यांचंही मत होतं. परत आल्या त्या दिवशी मुलगी जिन्यात भेटली. बाई म्हणाल्या, "त्या दिवशी मी लगेच यायला हवं होतं. तीन फटके मी बघत राहिले. मला माफ कर."

मुलगी गोंधळली. "मला वाटलं, ते पण परीक्षेतच आहे," ती म्हणाली. "तुमची घडी सुटली नव्हती ना. म्हणून मी रडले नाही."