ह्यांचा गुडघा

आमच्या ह्यांना फुटबॉल खेळण्याचा पगार मिळतो, असं मी माहेरी सांगितलं तेव्हा माझ्या बापानं मेंढरांवरची नजर न काढता विचारलं, "आन् काम काय करतेत?" त्याचं काय चुकलं? देवगाव फाट्याकडच्या आमच्या वस्तीवर चेंडूला लाथ मारून पोट भरतं, हे कुणाला पटणार? पण ते खरं होतं. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. तेव्हा मोठ्या खात्यांच्या स्वतःच्या टीमा असायच्या, आणि परभणीतल्या अशाच एका खात्यानं मानवतच्या या पोराला हंगामी कारकून म्हणून उचललं होतं. टेबल-खुर्ची नावाला, खरी नोकरी मैदानावर.

हे हाफ खेळायचे, म्हणजे मधल्या फळीत. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्यांना नेऊन द्यायचा. हार गोल मारणाऱ्याच्या गळ्यात, दमणार मात्र हाफ. "म्हणजे थोरल्या सुनेसारखंच की," असं मी म्हटलं की ह्यांना राग यायचा. हंगाम संपला की कायम करू, असा साहेबांनी शब्द दिला होता. त्या एका शब्दावर आमचं लग्न जमलं होतं, भाड्याची खोली घेतली होती, आणि सासूबाई गावभर सांगत सुटल्या होत्या.

आणि एका सकाळी हे खाली बसले ते उठेनातच. उजवा गुडघा दुमडलेला, तो पुढंही जाईना, मागंही येईना. कपाळावर घाम. मी शेजाऱ्यांना हाक मारायला निघाले तर ह्यांनी माझा पदर धरला.

"कुणाला बोलवू नको. साहेबाला कळलं तर कायमचं घरी बसवतेत."

"मग काय असंच बसून राहता का?"

आमच्या वस्तीवर करडाचा पाय अडकला की माझी आई तो कधी ओढायची नाही. आधी आणखी दुमडायची, मग टाच धरून हळूच फिरवत सरळ सोडायची. मी तेच केलं. आत खट् झालं आणि पाय मोकळा झाला. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी चेटूकच केलं.

मग ते नेहमीचंच झालं. आठवड्यातून एकदा, नंतर दर दोन दिवसांनी, शेवटी शेवटी रोज सकाळी. चूल पेटवावी तसा मी ह्यांचा गुडघा सोडवायची, आणि हे डबा घेऊन मैदानावर जायचे. परगावी मॅच असली की माझा जीव टांगणीला. तिथं कोण सोडवणार? मी दवाखान्याचं नाव काढलं की हे म्हणायचे, "एवढा हंगाम जाऊ दे. झाकली मूठ सव्वा लाखाची." मला त्या म्हणीचा वीट आला होता. मूठ ह्यांची होती, झाकायची मात्र मी.

हंगामातली शेवटची मॅच परभणीतच होती. साहेब लोकांच्या बायकांसाठी शामियाना टाकला होता, त्यात मलाही बोलावणं आलं. तोवर मी ह्यांना खेळताना एकदाही बघितलं नव्हतं. आमच्यात बायका कुठं मैदानावर जायच्या? निघताना ह्यांनी मला बजावलं, "काय बी झालं तरी जागेवरून उठायचं न्हाई." मी मान हलवली.

पहिला अर्धा वेळ बरा गेला, म्हणजे मला तसं वाटलं. मी मॅच बघतच नव्हते, नुसता तो गुडघा बघत होते. शेजारच्या बाई शेंगा पुढं करत होत्या, मी त्या न बघताच ओटीत टाकत होते. दुसऱ्या अर्ध्यात हे वळायला गेले आणि खाली बसले. कुणी धक्का दिला नव्हता, काही नाही. उन्हानं कडक झालेल्या काळ्या मातीत एक पाय दुमडून नुसते बसले.

लोक हसायला लागले. "नाटक करायलाय," मागून कुणीतरी म्हणालं. मी सतरंजी मुठीत घट्ट धरली. उठायचं नाही, उठायचं नाही, असं घोकत राहिले. हे माझ्याकडं बघतही नव्हते. एवढ्यात टीममधले दोन दांडगे गडी धावत आले. एकानं ह्यांची मांडी दाबून धरली आणि दुसऱ्यानं पाय ओढायला सुरुवात केली.

ह्यांची किंकाळी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. डोक्यावरचा पदर सांभाळत, सगळ्या गावासमोर, मी मैदानाच्या मध्यापर्यंत गेले. "सोडा त्यो पाय," मी म्हणाले, आणि ते गडी घाबरून बाजूला झाले. मी मातीत बसले, गुडघा दुमडला, टाच धरली, फिरवला. खट्.

मान वर केली तर साहेब समोर उभे. ते गुडघ्याकडं बघत नव्हते, माझ्या हातांकडं बघत होते. इतक्या सराईतपणे पहिल्यांदा कुणी काही करतं का?

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "हे पहिल्यांदाच झालं ना?"

खोटं माझ्या ओठावर तयार होतं, खरंच सांगते. मी तोंड उघडलं, तेवढ्यात हे म्हणाले, "न्हाई साहेब. वर्ष होत आलं. ही रोज सोडवती, मग मी येतो."

मला असा संताप आला, की तोच पाय पुन्हा अडकवावा. वर्षभर जीव मुठीत धरून जे जपलं ते ह्यांनी एका दमात सांडून टाकलं. साहेबांनी मान खाली घातली. "मग कायम व्हायचं विसर," एवढंच ते बोलले. बदली खेळाडू आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी जागी आत गेला होता, म्हणून त्यांनी टीमकडं बघून विचारलं, "दहा जणांनी खेळायचं का आता?"

"मी खेळतो, साहेब."

"आता कशाला पाय मोडून घेतोस?"

"हिनं कधी बगितलं न्हाई मला," हे म्हणाले.

मी शामियान्यात परत आले नाही. चुन्याच्या रेषेबाहेर उभी राहिले. आणि तेव्हा मी पहिल्यांदा गुडघा सोडून बाकीचा माणूस बघितला. सगळे चेंडूमागं धावत होते, आणि हे एकटे चेंडू जिथं जाणार तिथं आधीच जाऊन उभे राहत होते. चेंडू आला की बघितल्यासारखंही न करता ज्याला हवा त्याला देत होते. घरात एक शब्द धड न बोलणारा हा माणूस तिथं सगळ्यांशी बोलत होता. वर्षभर मी ह्यांना रोज सकाळी नीट करून पाठवत होते आणि काय पाठवते हे मला माहीतच नव्हतं. मी रडत होते, पण डोळे पुसायला पदर वर नेला नाही. तेवढ्यात काही निसटलं असतं, आणि मॅच संपत आली होती.