शेजारच्या घरची किटली

माझ्या धाकट्या बहिणीला ज्या घरातून मागणी आली, त्याच घरातून आमच्याकडं तो स्टोव्ह आलेला, आन त्याच्यावरची तांब्याची किटली. शेजारचंच घर. त्यांची सून जळून मेली, दिवसकार्य झालं, आन तिचा सासरा माझ्या नवऱ्याला बोलला, "घेऊन जा दोन्ही, आमच्या डोळ्यासमोर नको." नवरा त्यांचाच ट्रॅक्टर चालवतो, त्याच्यानं नको म्हणवलं नाय.

स्टोव्ह लहानसाच, पितळी. धरणाच्या मोजणीला तंबू ठोकून राहिलेले सायब जाताना त्यांना देऊन गेलेले, तीन पाय काढून डब्यात घालायचा. मी बोलले, "आणू नका हो, त्यानं माणूस खाल्लंय." तर सासू बोलली, "पितळ हाय गो, तांबं हाय. टाकतं काय कोण?"

सगळे बोलायचे स्टोव्ह उडाला, भडका झाला. मी पण तेच बोलायचे. मी डोळखांबकडची, आमच्या पाड्यावर चुलीशिवाय काय बघितलंच नव्हतं, सातवीतून शाळा सुटली ती सुटली, मला स्टोव्हचं काय म्हाईत.

मग पावसात लाकडं भिजली आन माझ्या पोरीला हगवण लागली. अंगावर पिणारी पोर. नर्सबाय बोलल्या, वरचं पाणी उकळूनच द्यायचं. सगळी लावणीला गेलेली, घरात मी एकटी, चूल नुसता धूर काढते, पोरगी रडून रडून गप झाली, आन ती गप झाली तेव्हा मला जास्त भ्या वाटलं. तिला लांब ओटीवर ठेवली, काकडा राकेलात बुडवून पेटवला, बर्नरला लावला, नवरा मारतो तसा पंप मारला. घाईत निम्मं राकेल लुगड्यावर सांडलं. पण पेटला. निळा जाळ, घूं करून. किटलीतलं पाणी उकळलं, पोर जगली.

मग मी रोजच पेटवायला लागले. भ्या काय गेलं नाय, पेटवताना तोंड बाजूला करून बसायचे.

त्या मेलेल्या सुनेच्या नवऱ्यासाठीच माझ्या बहिणीला मागणी आली तेव्हा माझे बापू खूष. पक्कं घर, ट्रॅक्टर, मुलगा निर्व्यसनी. पंधरवड्यानं हो-नाय सांगायला येतो बोलले. मला पण बरंच वाटलेलं, खोटं कशाला सांगू, बहीण शेजारी येणार.

त्याच दिवसांत एकदा बर्नर नीट तापला नव्हता आन मी घाईत पंप मारला. पिवळा जाळ किटलीच्या वर गेला. मी किंचाळले तशी सासू धावत आली, पुढं वाकून चावी सोडली, हवा सुस्स करून निघून गेली, जाळ खाली बसला. माझ्या भुवया जळल्या, मनगटावरची लव जळली.

"झालं?" सासू बोलली. "एवढंच करतो तो."

आन गेली भांडी घासायला. मी तिथंच बसून राहिले. स्टोव्हपुढं बसलेली बाय पुढून जळते. शेजारणीला गोधडीत घ्यायला आमी बायकाच होतो, मी पाय धरलेले. तिचं तोंड धड होतं. छाती धड होती. पाठ गेलेली, मान गेलेली.

मी किटली उचलून उजेडात फिरवून बघितली. तांबं मऊ असतंय, हंडा नुसता विहिरीच्या काठाला लागला तरी पोचा येतो. हिला एक पोचा नाय. स्टोव्ह उडाला असता तर ही कुठं जाऊन आपटली असती.

बापू आले. नवरा तिथंच बसलेला. मी चहा ठेवला आन बोलले, "बापू, तिला इथं देऊ नका."

"का गो? दोघी बहिणी एका आवारात राहाल की."

नवऱ्यासमोर काय सांगू? तोंडातून निघालं, "माझी सासू लय छळते. माझं झालं ते झालं, तिला या आवारातच नको."

बापूंनी कप खाली ठेवला, चहा तसाच. सासू आत भाकऱ्या थापत होती, तिचा थापायचा आवाज थांबला. बापू रात्री राहिले पण नाय, तसेच निघून गेले.

तिन्हीसांजेला सासू बोलली, "काय कमी केलं गो मी तुला?"

मी रडायलाच लागले.

"रडू नको. माझं नाव घेतलंस ते बरं केलंस. शेजारच्यांचं घेतलं असतंस तर उद्या माझा पोरगा ट्रॅक्टरवरून खाली."

"आई, तुमाला म्हाईत होतं?"

"पाय तू धरलेस. डोकं मी धरलेलं."

बहिणीचं लग्न खर्डीकडं झालं. माहेरी अजून सासूला कोण नीट विचारत नाय, आन मी खरं सांगत नाय.

शेजारच्यांनी वैशाखऱ्याच्या बाजूची मुलगी केली. हसरी हाय, माझ्या पोरीला सारखी उचलून घेते. परवा नळावर बोलली, "ताई, ती आधीची कशानं गेली हो? मला घरात कोण सांगतच नाय." तिची सासू दारात उभी होती, आमच्याकडंच बघत.

"हंडा भर," मी बोलले, "पाणी जाईल."