अक्कांच्या भरताचं मीठ

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभात लोक माझ्याबद्दल चांगलं-चांगलं बोलत होते, त्या वेळी एकदा घशापर्यंत आली होती. पण गळ्यात हार असताना कोण असलं काही बोलतं? गिळून टाकली. आता तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि हे एकट्याने वागवायचा मला कंटाळा आलाय. पश्चात्ताप वगैरे मोठा शब्द झाला. कंटाळाच म्हणा.

जळगावच्या एका कॉलेजात माझी सगळी नोकरी गेली. शिकवायची नाही. फळा सोडून कॉलेजला जे-जे लागतं ते माझ्याकडे — वसतिगृहाची मेस, कॅन्टीनचा ठेका, वह्या-पेनांचं स्टोअर, झेरॉक्सवाला, गाड्यांचा स्टँड, आणि उन्हाळ्यात लग्नांना भाड्याने जाणारं सभागृह. कागदावरचं पद भारदस्त होतं, पण पोरांसाठी मी मेसवाले भाऊ. कॉलेजात तक्रारी दोनच गोष्टींच्या येतात, निकालाच्या आणि वरणाच्या. निकालाच्या प्राचार्यांकडे जायच्या, वरणाच्या माझ्याकडे. झेरॉक्सचं मशीन बंद पडलं की मी, सभागृहात वऱ्हाडाचं पाणी संपलं की मी, कॅन्टीनच्या समोशात काही निघालं की — जाऊ द्या. जीव मेटाकुटीला यायचा. तरी ते काम मला जमायचं. सगळ्यांना सांभाळून घेतो, कुणाला दुखवत नाही, असं माझं नाव होतं. खरी गोम तिथेच आहे.

मेसमध्ये विमलअक्का होत्या. मूळच्या गिरणाकाठच्या, भडगावकडच्या एका खेड्यातल्या. नवरा गेल्यावर मेसला लागल्या त्या तिथेच राहिल्या. उंच, हाडापेराने मजबूत, बोलणं मोजकं. रोजचं वरण-भात-पोळी कुणीही करायचं. पण हिवाळा लागून बाजारात भरताची वांगी आली की मेस अक्कांची. भरीत म्हणजे काय हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. मेसच्या मागच्या अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटायच्या, त्यात ती पांढरट-हिरवी थोराड वांगी भाजली जायची, आणि मग सोलून लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचली जायची. ठेचायचं काम अक्का दुसऱ्या कुणाला देत नसत. मधूनच बोटावर जरासं घेऊन जिभेला लावायच्या आणि डोळे मिटायच्या. मग मीठ. पुन्हा बोट. तेवढा वेळ अंगणात कुणी बोलायचं नाही. अक्कांनी डोळे उघडून मान हलवली की पोरं ताटं घेऊन उठायची. शिरपूरची, जामनेरची, ज्यांच्या घरी उत्तम भरीत होतं अशी पोरंसुद्धा. गावाकडे कुणाचं लग्न निघालं की भरताला अक्कांनाच बोलावणं यायचं. त्या रजा मागायला माझ्या टेबलापाशी यायच्या, तेव्हा नवी साडी नेसायची असल्यासारखा त्यांचा चेहरा असायचा. मी रजा द्यायचो, वर थट्टा करायचो की आमच्या पोरांना उपाशी ठेवून चाललात.

आता पुढचं. हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही — अक्का बौद्ध. मेसमध्ये ते सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं. मीही त्यांच्या हातचं रोज जेवायचो, आणि मी असा जेवतो याचं मला मनातून कौतुकही वाटायचं. कसलं कौतुक? पण वाटायचं. आणि त्यांनी केलेलं भरीत डब्यात भरून घरी न्यायचो तेव्हा आई विचारायची, कोणी केलं रे? मी सांगायचो, कमलबाईंनी. कमलबाई मेसमध्ये कळण्याच्या पुऱ्या करायच्या, आमच्याच समाजातल्या. आई बोटं चाटून खायची. म्हातारं माणूस आहे, कशाला तिच्या डोक्याला ताप, असं मी स्वतःला सांगायचो. खरंच आईसाठी होतं का ते? आईला मी खरं सांगून एकदाही बघितलं नाही. ती काय म्हणाली असती ते मला ठाऊक नाही.

एका हिवाळ्यात संस्थेचे अध्यक्ष पाहुणे घेऊन आले. सगळे त्यांना नाना म्हणायचे. नव्या वसतिगृहाला हातभार लावणारी मोठी माणसं त्यांच्याबरोबर होती. मागच्या अंगणात शेकोटीशेजारी सतरंज्या टाकल्या, भरीत-पुरी वाढली. अक्का तेव्हा आत पोरांची पंगत वाढत होत्या. नानांनी दुसऱ्यांदा भरीत मागून घेतलं आणि मला विचारलं, "कोणाच्या हातचं हे? बोलवा बरं त्या माउलीला."

आणि मी कमलबाईंना बोलावलं.

विचार करायला वेळही लागला नाही. घरी इतक्या वेळा घेतलेलं नाव, ते तोंडात तयारच होतं. अक्का पुढे आल्या असत्या, नानांनी सवयीने गाव विचारलं असतं, आडनाव विचारलं असतं, आणि त्या पाहुण्यांपैकी एखाद्याचा हात ताटावर थांबला असता — हे सगळं मी मनातल्या मनात रचलं. तुम्हाला वाटेल, नानांचा धाक असेल. नव्हता. नानांनी मला तसं कधी काही सांगितलं नव्हतं, त्यांच्या वागण्यात मी तसं काही पाहिलंही नव्हतं. पाहुणे तर मला अनोळखीच होते. जे काही होतं ते माझ्याच डोक्यात होतं.

कमलबाई पदर सावरत आल्या. माझ्याकडे एकदा बघितलं. मी नजर पऱ्हाट्यांकडे वळवली. नानांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि सगळ्यांसमोर म्हणाले की पुढच्या हिवाळ्यात मी बडगीशेजारी बसून तुमचं भरीत ठेचणं बघणार. संध्याकाळी कमलबाईंनी ती शाल माझ्या टेबलावर आणून ठेवली. "ही माझी नाही, भाऊ," एवढंच बोलल्या. मी ती कपाटात मागे सारून दिली. अजूनही तिथेच असेल.

इथपर्यंतचं कदाचित तुम्ही सोडूनही द्याल. एका घाबरट माणसाच्या तोंडून गेलेलं खोटं, एवढंच. पण माझं खोटं एवढ्यावर थांबलं नाही.

पुढचा हिवाळा आला आणि मला घोर लागला. नाना येणार, बडगीपाशी बसणार, आणि तिथे अक्का दिसणार. काय करता आलं असतं? नानांना जाऊन सांगता आलं असतं की चूक झाली, नाव दुसरं आहे. चहा पिता-पिता सांगण्यासारखं होतं. मी काय केलं — अक्कांना स्टोअरच्या खोलीत बोलावलं आणि म्हणालो, पोरांच्या तक्रारी येताहेत. तुमच्या हातचं मीठ चुकायला लागलंय. वय झालं की जिभेची चव जाते, त्यात तुमचा दोष नाही. यंदापासून बडगी कमलबाईंकडे देऊ.

एकही तक्रार नव्हती. एकसुद्धा नाही. पोरांचं नाव मी मुद्दाम घेतलं, कारण अक्का माझ्याशी भांडल्या असत्या, पोरांशी नसत्या भांडल्या. हे मी आधी नीट ठरवून गेलो होतो.

त्या वळल्या. मेसमध्ये गेल्या, चुलीवरच्या वरणात पळी बुडवली, हातावर घेऊन चाखलं. पुन्हा चाखलं. मी दारात उभा होतो. "माले त बरं लागस," त्या हळूच म्हणाल्या. मग जरा वेळाने — "मंग मनी जीभच गयी व्हई, भाऊ." राग नव्हता हो. त्या चिडल्या असत्या, मला चार शब्द सुनावले असते तर किती बरं झालं असतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

आणि गंमत बघा — कसली गंमत म्हणा — नाना त्या हिवाळ्यात आलेच नाहीत. पुण्याला मुलाकडे गेले होते. त्यानंतरही कधी त्यांचं येणं झालं नाही. म्हणजे बडगी अक्कांना परत देता आली असती. पण मग त्यांची जीभ परत कशी आली, हे काय म्हणून सांगायचं? मी म्हटलं, चाललंय तसं चालू दे. कमलबाई भरीत ठेचायच्या, मान खाली घालून. पोरं खायची. अंगणात आता सगळा वेळ गलका असायचा.

अक्का भाजी निवडायला आणि वाढायला लागल्या. कधी स्वयंपाकाला हात लावावाच लागला तर शेजारच्या बाईला म्हणायच्या, पाह्य वं जरा, मीठ शे का. चहात साखर झाली का, तेही दुसऱ्याला विचारायच्या. लग्नांच्या भरतासाठी रजा मागायला माझ्या टेबलापाशी येणं बंद झालं. बोलावणी येत नव्हती की येऊनही त्या जात नव्हत्या? मी विचारलं नाही. उलट, त्या आल्या नाहीत की मला सुटल्यासारखं वाटायचं. पुढे त्या काम सोडून धुळ्याला मुलाकडे राहायला गेल्या, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

मग मीही निवृत्त झालो. हा मागचाच हिवाळा. एका लग्नासाठी धुळ्याला गेलो होतो, परतताना बसस्टँडवर एका मुलीने हाक मारली. अक्कांची नात प्रज्ञा. आमच्याच कॉलेजात शिकलेली, आता धुळ्यात नर्स आहे. आजी तुमची फार आठवण काढते, घरी चलाच, म्हणाली. नाही म्हणायला कारण सुचेना. आयुष्यभर लोकांना कारणं देत आलो, त्या दिवशी एक सुचलं नाही.

रिक्षात ती बोलत होती. आजी घरात स्वयंपाक करतच नाही, म्हणाली. जीभ गेली म्हणते. आम्ही डॉक्टरांना दाखवलं, त्यांना काही सापडलं नाही, तरी ती ताकदीच्या गोळ्या अजून नेमाने घेते. मग हसून म्हणाली, पण तुमचं नाव काढते हं सर. म्हणते, जीभ गेली तरी भाऊंनी कामावरून काढलं नाही, ठेवून घेतलं. मी रिक्षाच्या बाहेर बघत राहिलो.

अक्का वाळल्या होत्या. मला पाहून उठल्या, दोन्ही हातांनी माझा हात धरला. आणि कधी नव्हे ते म्हणाल्या, आज भरीत मी करते. सून बघतच राहिली. शहरातल्या घरात पऱ्हाट्या कुठून असणार, गॅसवरच वांगी भाजली. बडगी मात्र गावाहून आणलेली होती, पलंगाखालून काढून धुतली. ठेचताना अक्का प्रत्येक वेळी प्रज्ञाला चाखायला लावत होत्या. स्वतः बोट लावलं नाही. प्रज्ञा म्हणाली, आजी, एकदम बरोबर झालंय. तरी त्यांची मान हलेना.

ताट माझ्यापुढे आलं. मी पहिला घास घेतला.

तेच होतं. अंगणातलं, पोरांना गप्प करणारं, माझ्या आईने बोटं चाटून खाल्लेलं. तसूभरही फरक नाही. इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच्या जिभेवर विसंबून, गॅसच्या आचेवर — तेच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मिरचीचं म्हणून खपून गेलं.

अक्का समोर बसल्या होत्या. माझ्या तोंडाकडे बघत. "मीठ बरं शे का, भाऊ?"

या वेळी नाना नव्हते. पाहुणे नव्हते, आई नव्हती, नोकरी नव्हती. कुणीही नव्हतं. बरं आहे म्हटलं, तर त्या म्हणतील, मग तेव्हा काय झालं होतं? एवढीच भीती होती बघा. एका म्हातारीच्या एका प्रश्नाची.

मी म्हणालो, "जरा कमी वाटतंय."

प्रज्ञाने चटकन माझ्याकडे बघितलं. तिने चाखलेलं होतं. ती म्हणाली, नाही आजी, बरोबर आहे. अक्कांनी तिला हातानेच थांबवलं. "त्यास्ले कळस, पोरी," त्या म्हणाल्या, आणि मिठाची वाटी माझ्या ताटाजवळ सरकवली.

मी मीठ घेतलं. भरतात कालवलं. प्रज्ञा बघत होती. ते खारट भरीत मी शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.

"आते?" अक्कांनी विचारलं.

"आता बरोबर झालं," मी म्हणालो.