अप्पा बसले की गाड्या रांगायच्या

हुबळी-धारवाडात कुठल्याही कटकटीचा शेवट दोन कानडी शब्दांत होतो. होगली बिडू. जाऊ दे, सोड. बस चुकली, होगली बिडू. नळाला पाणी आलं नाही, होगली बिडू. माणसं प्रेमानं म्हणतात, वाईट हेतू नसतो, पण मला ते ऐकलं की तिडीक उठते. अप्पांच्या हाताच्या बाबतीत मला हे सगळ्यांनी ऐकवलं आणि मी कुणाचंच ऐकलं नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. हुबळीच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन होते, म्हणजे सांधा फिरवून गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घालणारा माणूस. उभी हयात तेच केलं. मी कॉलेजात असताना घरात पहिला कॉम्प्युटर आला, त्याच्याबरोबर एका सीडीत एक खेळ आला. चारी बाजूंनी गाड्या येतात, आपण माउसनं सांधे फिरवायचे आणि प्रत्येक गाडी तिच्या फलाटावर पोचवायची. चुकलं की धडक. अप्पा ड्यूटीवरून आले की चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसायचे. आई म्हणायची, "दिवसभर तेच केलात, घरी येऊन परत तेच?" अप्पा म्हणायचे, "तिथं माझ्यावर साहेब असतो. इथं मीच साहेब."

रिटायर झाल्यावर आम्ही हुबळी-धारवाडच्या मधल्या नवनगरात राहायला आलो, खेळही सोबत आला. मग अप्पांना लकवा मारला. उजवी बाजू. पाय सावरला, बोलणं थोडं जड राहिलं, पण उजवा हात काही पूर्ण येईना. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी विचारलं, यांना हातानं काय करायला आवडतं? मी म्हटलं, गाड्या. "मग द्या की गाड्या," त्या म्हणाल्या. "बोटं चालली पाहिजेत. आत्ता बसून राहिली तर कायमची बसतील."

जुना कॉम्प्युटर तोवर मेला होता. माझा थोरला भाऊ, अण्णा, बंगळूरला असतो. त्यानं नवाकोरा लॅपटॉप पाठवला. भारीतला. त्यात सीडी घालायला जागाच नव्हती, म्हणून मी शिकवते त्या शाळेतल्या कॉम्प्युटरला सीडी लावून खेळ पेनड्राइव्हमध्ये घेतला आणि लॅपटॉपमध्ये चढवला. अप्पांनी अंगणातल्या शेजाऱ्यालासुद्धा हाक मारून सांगितलं, "आज यार्ड सुरू."

यार्ड सुरू झालं आणि गाड्या रांगायला लागल्या. इंजिन चार पावलं जायचं, थांबायचं, परत चार पावलं. त्याहून वाईट म्हणजे माउस दाबला तरी सांधा लगेच फिरायचा नाही. अप्पांना वाटायचं बोट नीट पडलं नाही, ते परत दाबायचे. तोवर पहिलं दाबणं पोचायचं, सांधा फिरायचा, आणि मागोमाग दुसरं दाबणं पोचून तो परत होता तिथं यायचा. धडाम. तिसऱ्या धडकेनंतर अप्पांनी माउस बाजूला सारला.

"हात गेला माझा," ते म्हणाले.

"अप्पा, हात नाही, लॅपटॉप हळू चालतोय."

"तो नवीन आहे गं. जुना मी आहे."

त्या दिवशी ते डाव्या हातानं जेवले. उजवा हात मांडीवर ठेवून दिला, दुसऱ्या कुणाची वस्तू ठेवावी तसा. दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाई आल्या तर त्यांना म्हणाले, "साकू." पुरे. आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. मला मात्र रडू आलं नाही, मला संताप आला. एका खुळ्या लॅपटॉपपायी माझ्या बापानं स्वतःचा धडधाकट होत आलेला हात टाकून द्यायचा? हॅट!

अण्णाला फोन केला. "अगं, किती जुना खेळ तो! नव्या मशीनवर तसाच चालणार. दुसरा कुठला तरी घालून दे. होगली बिडू." हुबळीत एका कॉम्प्युटरच्या दुकानात लॅपटॉप घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मशीन फर्स्ट क्लास आहे. जुन्या गेमचं तसंच असतं." मी विचारलं, "मशीन शंभरपट ताकदीची आणि खेळ हळू, हे कसं काय?" तो हसला. मी म्हटलं, "हसू नका हो, उत्तर द्या." मी हायस्कूलला गणित शिकवते. 'तसंच असतं' असं पेपरात लिहिलं तर मी भोपळा देते. दुकानदारालाही मनातल्या मनात दिला आणि घरी आले.

मग मीच कंबर कसली. शाळेत ऑफ पिरियडला फोनवर वाचत बसायची. जगात कुठं कुठं माझ्यासारखी हट्टी माणसं आहेत आणि ती इंग्रजीत एकमेकांशी भांडत असतात, हे तेव्हा कळलं. हळूहळू डोक्यात उजेड पडला. जुने खेळ चित्र काढायला ज्या पद्धतीनं सांगतात, ती पद्धत नवी विंडोज जवळजवळ विसरलीय. म्हणून प्रत्येक चित्र ती धडपडत, चाचपडत काढते, आणि चित्रं काढण्यासाठीच बसवलेली ग्राफिक्सची चिप नुसती बसून राहते. मी जुन्या विंडोजचं सोंग घ्यायला लावणारी सेटिंग करून बघितली. रंग कमी केले. खिडकी लहान केली. ढिम्म. शेवटी एक छोटी फाइल सापडली. ती खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवली की दुभाष्याचं काम करते, जुन्या खेळाचं बोलणं नव्या चिपला समजावून सांगते. रविवारी सकाळी आई विहारात वंदनेला गेली होती. माझ्या खोलीत बसून मी ती फाइल ठेवली, खेळ लावला, आणि गाड्या अशा सुटल्या की मी खुर्चीतून उठून ओरडलेच.

संध्याकाळी खूप मिनतवाऱ्या करून अप्पांना तयार केलं. त्यांनी लॅपटॉप बाहेरच्या खोलीत आपल्या टेबलावर मांडला. मी चहा घेऊन येईपर्यंत खेळ सुरू झाला होता. गाड्या रांगत होत्या.

माझा विश्वासच बसेना. लॅपटॉप माझ्या खोलीत नेला, लावला. पळतंय! परत अप्पांकडे दिला, मी स्वयंपाकघरात आईला हाताशी गेले, येऊन बघते तर रांगतंय. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा अप्पा माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाले, "बघितलंस? तू बसलीस की पळतं. मी बसलो की रांगतं. आता कुणाला दोष देतेस?"

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मलाही वाटलं, खरंच हातच गेला असेल. बोट कापत असेल, एका वेळी चारदा दाबत असेल, खेळ गोंधळत असेल. ज्या माणसासाठी मी सगळ्यांशी भांडत होते, त्याच्यावर मीच शंका घेतली. दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलायला जीभ उचलेना. त्याची लाज मला आजही वाटते.

शनिवारी शाळा अर्धी. मी दुपारीच घरी आले. आईनं अप्पांना, "पोरीसाठी एकदा बसा हो," म्हणून राजी केलं होतं. दार उघडंच होतं. अप्पांची माझ्याकडं पाठ होती. मी दारातच थांबले, म्हटलं, बघू तरी नेमकं करतात काय.

अप्पांनी लॅपटॉप उघडला. मग खेळाला हात लावण्याआधी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं. प्लग काढला. चार्जरच्या वायरीची डाव्या हातानं छान गुंडाळी केली, तिला रबरबँड लावला आणि खिळ्याला अडकवली. स्क्रीन जराशी अंधारली. मग त्यांनी खेळ लावला.

मी कपाळावर हात मारला.

आमच्या घरात काम झालं आणि बोर्डाचं बटण चालू राहिलं, असं कधी झालेलं नाही. मिक्सर, टीव्ही, फोनचा चार्जर, सगळं बंद करून, वायर गुंडाळूनच माणूस उठतो. अप्पांची यार्डातली शिस्त. त्यात कुणीतरी त्यांच्या मनात भरवलेलं की चार्जिंग चालू ठेवून वापरलं की बॅटरी फुगते. म्हणून पूर्ण चार्ज करायचं, वायर काढायची आणि मगच वापरायचं. आम्ही सगळे असेच वाढलो. फक्त मी, खोलीचं दार लावून घेतलं की आळशीपणानं वायर तशीच ठेवायची. या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सच्या दोन चिपा होत्या, एक तगडी आणि एक काटकसरी. वायर निघाली की लॅपटॉप बॅटरी वाचवायला लागायचा, तगडी चिप झोपवायचा आणि सगळा भार काटकसरीवर टाकायचा. चहा करता करता मला हे दिसणार कुठून?

"अप्पा! वायर!"

ते दचकून वळले. "काय झालं?"

"वायर लावा ती! वायर काढली म्हणून गाड्या रांगतात!"

"वायर लावून खेळलं की बॅटरी फुगते."

"फुगू दे! फुटू दे! नवी आणू! हात नवा कुठून आणायचा?"

आई धावत बाहेर आली. "काय ओरडायलीस गं, गल्ली गोळा करतेस काय?" मी तिलाही जुमानलं नाही. खिळ्यावरची गुंडाळी ओढून काढली, रबरबँड भिरकावला, प्लग खुपसला, बटण दाबलं. या खेळाला नेहमी तगडी चिपच दे, अशी सेटिंग करून टाकली. अप्पा बोर्डावरच्या लाल दिव्याकडं अस्वस्थ होऊन बघत होते. "लाइट उगीच जळतीय," ते पुटपुटले.

"जळू दे. दाबा."

त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलून माउसवर ठेवला. पहिली गाडी आली. बोट खाली गेलं आणि त्याच क्षणी सांधा फिरला. अप्पा थबकले. दुसरी गाडी, दुसरा सांधा. एकदा दाबलं, एकदाच फिरला. आई माझा दंड धरून उभी होती. तिसरी गेली, चौथी गेली. मग दोन्हीकडून एकदम दोन गाड्या आल्या, त्यांच्या खऱ्या वेगानं, आणि बोट एका सांध्यावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत उशीर झाला. धडाम.

इतकं करून परत तेच? खेळात वेग कमी करायची एक सोय होती. मी चटकन पुढं वाकले. "अप्पा, वेग जरा कमी करून देते, हं? सवय होईपर्यंत."

"खबरदार," अप्पा म्हणाले. कित्येक महिन्यांत एवढा स्वच्छ शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता.

"अप्पा, पण—"

"दोन नंबरचा सांधा मी उशिरा दाबला. मशीन नाही, मीच." ते स्क्रीनवरच्या मोडलेल्या डब्यांकडं बोट दाखवत होते, उजव्या हाताचं. "इतके दिवस माझ्या नावावर दुसऱ्याच्या धडका लिहीत होतो. ही माझी आहे. हिला हात लावायचा नाही. परत लाव."