विश्व फुगवणारे वाघमारे सर

कोणी काही ठासून सांगितलं की वाघमारे सर विचारायचे, "मोजून पाह्यलं का?" लातूरला यंदा ऊन वाढलंय म्हणा, कँटीनचा चहा पांचट झालाय म्हणा, प्रश्न ठरलेला. त्यामुळे स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारी कोणी बसत नसे. मी बसायचो. आम्ही दोघंही भौतिकशास्त्राचे, दोघंही तासिका तत्त्वावर, आणि विभागात कायमची जागा एकच निघणार होती.

सुट्टी लागली की हा रेणापूरचा माणूस दूरच्या एका प्रयोगशाळेत जाऊन बसायचा. तिथे अणूंचा अतिथंड ढग करून प्रसरण पावणाऱ्या विश्वाची नक्कल चालायची. "ढग हाय तेवढाच ऱ्हातो," सर समजावत. "अणूंची आपसातली रेटारेटी तेवढी आपण बदलायची. मग आतल्या लहरींना वाटतं, जागाच वाढायली."

विश्व फुगताना उमटावी तशी नक्षी त्यांच्या गटाला त्या लहरींत दिसली, हे प्राचार्यांना कळलं. शोधनिबंध अजून छापायचा होता, पण आमच्याकडे तेवढं कोण थांबतंय? चौकात फ्लेक्स लागला, 'विश्वनिर्माते प्रा. वाघमारे'. त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा चेहरा विश्वाएवढा आणि सरांचा अणूएवढा. सत्कार ठरला. कायमच्या जागेची घोषणाही त्याच मंचावरून व्हायची होती.

आदल्या दिवशी सर म्हणाले, "घोळ झाला. ती नक्षी ढग धरून ठेवणाऱ्या चुंबकाच्या थरथरीनं आलती. थरथर थांबवली, नक्षी गायब."

"उद्याचा दिवस गप बसा," मी म्हणालो. "ऑर्डर हातात पडू द्या."

सत्कारात शाल झाली, नारळ झाला आणि सरांनी माइकवर सांगून टाकलं, "आमचं चुकलं. विश्व अजून व्हायचं हाय." अध्यक्षांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

"महिनाभर थांबला असता तर काय बिघडलं असतं?" प्राचार्य दातओठ खात म्हणाले.

"चुकलंय हे म्हाईत असताना शाल घेऊन घरी कसं जाऊ, सर?"

त्या दिवशीची घोषणा बारगळली, नव्याने मुलाखती झाल्या आणि जागा मला मिळाली. मुलाखतीत अध्यक्षांनी विचारलं, "तुमचं काही संशोधन?" मी म्हणालो, "नाही." "छान," म्हणून त्यांनी सही केली.

सर आता उमरीच्या एका शाळेत शिकवतात. त्यांचा फोन आला, तेव्हा मी टोमणे ऐकायच्या तयारीत होतो.

"अभिनंदन हो," ते म्हणाले. "तुमचं पक्कं झालं, लई बरं वाटलं. आमी नव्यानं प्रयोग लावलाय. सुट्टीत या की बघायला."

कामाचं निमित्त सांगून मी फोन ठेवला. मला स्वतःची लाज वाटली. नक्षी पुन्हा दिसली का, एवढंही मी विचारलं नव्हतं.